वड्याच्या तेलावर विहिरीचं इंजिन : घरगुती बायोडिझेलचा अनुभव

वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करून बघायचं असं ऑगस्ट २०२३ मध्ये ठरवलं, आणि ते विहिरीवरच्या इंजिनात पडायला एप्रिल २०२४ उजाडला. मधले सगळे महिने रसायनात गेले असं मात्र नाही. रसायनाचं काम थोडं होतं. बाकीचा वेळ परवानगी, मिथेनॉल (यात लागणारं एक विषारी अल्कोहोल), चांगलं तेल आणि धुण्याच्या पाण्याची विल्हेवाट यांत गेला. नेटवर कृती पुष्कळ सापडतात, पण बहुतेक अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या हौशी लोकांच्या. तिकडे मिथेनॉल कॅन भरून विकत मिळतं. आपल्याकडे पहिलं पाऊल तिथेच अडतं, आणि त्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. सासरची शेती निफाड तालुक्यात आहे, ती धाकटे दीर बघतात. विहिरीवर विजेची मोटर आहे, पण वीज नसेल तेव्हासाठी पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन अजून ठेवलेलं आहे.

१० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन. त्या दिवशी वर्गात डिझेल इंजिनाचा शोध लावणाऱ्या रुडॉल्फ डिझेलबद्दल सांगत होते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं होतं, हे ऐकून एका मुलीने विचारलं, "मॅडम, आमच्या गाडीवरचं उरलेलं तेल चालेल?" तिच्या वडिलांची वडापावची गाडी आहे. उरलेल्या तेलाचं काय करता, असं मी विचारलं, तर म्हणाली, एक माणूस येऊन डबा विकत घेऊन जातो. तो पुढे काय करतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडेना. तेल पुन्हा पुन्हा तापलं की ते खराब होतं आणि त्यात ध्रुवीय संयुगं (तेल बिघडल्याची खूण असलेले पदार्थ) वाढत जातात. १ जुलै २०१८ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे, त्यापुढे ते तेल तळणासाठी वापरता येत नाही. मार्च २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवावी लागते आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकालाच द्यावं लागतं. पण छोटी गाडी रोज ५० लिटर तेल थोडीच वापरते? तिथलं तेल डब्यातून निघतं आणि कुठल्या कढईत जाऊन पडतं, याचा माग राहत नाही. त्यातलं थोडं तरी इंजिनात जळावं, एवढाच माझा हेतू होता.

घरी सांगितल्यावर भाऊजींचा पहिला प्रश्न अगदी सरळ होता. "वहिनी, तेल गाळून तसंच का नाही टाकायचं?" सुरू होईल, पण टिकणार नाही. डिझेलच्या मानाने खाद्यतेल कितीतरी पट दाट असतं. नोझलमधून त्याचा फवारा नीट होत नाही, अर्धवट जळतं, आणि नोझलवर, रिंगांवर काजळी बसत जाते. मिथेनॉल आणि अल्कली घालून तेलाचा मोठा रेणू तोडला की त्यातून ग्लिसरीन वेगळं होतं आणि वर पातळ मिथाइल एस्टर उरतं. तेच बायोडिझेल. भाऊजींनी मान डोलावली, पण मनात शंका होती, आणि ती रास्त होती. २००० नंतरच्या दशकात बायोडिझेलसाठी मोगली एरंडाचा (जट्रोफाचा) गाजावाजा झाला तेव्हा त्यांनीही बांधावर रोपं लावली होती. बिया लागल्या, पण त्या घ्यायला कुणी आलं नाही.

आता मिथेनॉल. हे दारूतल्या अल्कोहोलसारखंच दिसतं, वासही जवळपास तसाच, पण थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात, जीव जातो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली, ती मिथेनॉलमुळेच. १९१९ चा विष अधिनियम आणि त्याखालचे महाराष्ट्राचे नियम त्याला लागू आहेत. नाशिकच्या एका रसायन विक्रेत्याकडे मी सप्टेंबरमध्ये चौकशी केली, तेव्हा त्यांनी नम्रपणे सांगितलं की व्यक्तीच्या नावाने देता येणार नाही, परवाना किंवा परवानगी असलेल्या संस्थेचं पत्र लागेल. तेव्हा वाईट वाटलं. आज मी म्हणेन की त्यांनी योग्य तेच केलं. ओळखीने, बिलाशिवाय मिथेनॉल देणारा कुणी भेटला तर त्याच्याकडून घेऊ नका. त्या कॅनमध्ये नेमकं काय आहे हेही कळत नाही, आणि घरात ते ठेवण्याची जबाबदारी सगळी आपल्यावर येते.

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिथेनॉल रीतसर येतं, त्याची साठा नोंदवही आहे. म्हणून ११ सप्टेंबरला प्राचार्यांना अर्ज दिला : वैयक्तिक खर्चाने, शनिवारी दुपारी, प्रयोगशाळेत लहान प्रमाणावर बायोडिझेल करण्याची परवानगी मिळावी. अर्ज विभागप्रमुखांकडे गेला, तिथून सुरक्षा समितीकडे, तिथून शेऱ्यासह परत माझ्याकडे. समितीने विचारलेले प्रश्न मला आवडले. मिथेनॉल कुठल्या कपाटात राहणार? किल्ली कुणाकडे? अग्निशामक नळकांडं शेवटचं कधी भरलं? उरलेलं ग्लिसरीन कुठे जाणार? विद्यार्थी हात लावणार का? प्रत्येकाचं लेखी उत्तर दिलं. मग दिवाळीची सुटी आली. परवानगीचं पत्र नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हातात पडलं, अटींसह : एका वेळी दोन लिटरपेक्षा जास्त मिथेनॉल काढायचं नाही, ते प्रयोगशाळेबाहेर न्यायचं नाही, विद्यार्थ्यांनी फक्त लांबून बघायचं, आणि सोबत दुसरी जाणती व्यक्ती हजर हवी.

याच काळात तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेतही गेले. आपण काही बेकायदा तर करत नाही ना, ही धाकधूक होती. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लेखी अर्ज द्यायला सांगितला. दिला, आणि पोच घेतली. पोच जरूर घ्या. पुढच्या वेळी रिकाम्या हाताने गेलं की सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. जानेवारीत त्यांनी तोंडी सांगितलं की विकायचं, साठवून इतरांना पुरवायचं म्हटलं की वेगळ्या परवानग्या लागतील, तसं करू नका. ते करायचं नव्हतंच. बायोडिझेलच्या विक्रीसाठी केंद्राची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, गुणवत्तेसाठी आयएस १५६०७ हे मानक आहे. प्रयोगशाळेत दहा लिटर करणाऱ्या माणसाने आपलं इंधन शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरलाही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. रस्त्यावरच्या गाडीत तर नकोच. बीएस-सहा, म्हणजे नव्या प्रदूषण-निकषांच्या गाड्यांची इंधन यंत्रणा फार नाजूक असते, बिघडली तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो.

डिसेंबरमध्ये तेल गोळा करायला लागले. त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी लिटरमागे ४० रुपये सांगितले. मी तेवढेच दिले, कारण तेलाचा डबा नेणारा तो माणूसही जवळपास तेच देत होता, आणि फुकट मागणं मला पटलं नसतं. दुसरं तेल एका फरसाणवाल्याकडून आणलं. दोन्ही तेलं दिसायला सारखीच तपकिरी. खरा फरक टायट्रेशनमध्ये, म्हणजे तेलातलं आम्ल मोजण्याच्या चाचणीत कळतो.

हे टायट्रेशन कुणीही टाळू नये. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड (हीच आपली अल्कली) विरघळवायचं. एक मिलिलिटर तेल दहा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घालून कोमट करायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या द्रावणाचे) दोन-तीन थेंब टाकायचे, आणि ब्युरेटमधून (खुणा आणि तोटी असलेल्या काचेच्या नळीतून) ते अल्कलीचं पाणी थेंबथेंब सोडायचं. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. जितके मिलिलिटर लागले, तितके ग्रॅम अल्कली दर लिटर तेलामागे जास्त घालायची. ताज्या तेलाला लिटरमागे सुमारे सहा ग्रॅम लागते (पेलेट्स, म्हणजे अल्कलीच्या गोळ्या, ८५ टक्के शुद्ध धरून), त्यावर ही भर. वडापावच्या तेलाचा आकडा आला २.८. म्हणजे लिटरला ८.८ ग्रॅम. फरसाणच्या तेलाचा आकडा ७ च्या वर गेला. इतक्या आम्लधर्मी तेलात घातलेल्या अल्कलीचा मोठा वाटा साबण करण्यातच जातो. त्याचा एक लिटरचा घाणा काढून बघितला, तर धुताना पांढरा दाट लगदा झाला आणि पाणी-तेल वेगळं व्हायला कित्येक दिवस लागले. ते तेल पुन्हा घेतलं नाही.

एक लिटरचे घाणे जानेवारी २०२४ मध्ये झाले. तेल आधी मलमलच्या कापडातून गाळून आठवडाभर स्थिर ठेवलं, तळाचं पीठ आणि पाणी टाकून दिलं. मग ११० अंशांच्या वर तापवलं. पाणी असेल तर तडतड होते, ती थांबेपर्यंत तापवायचं, आणि मग ५५ अंशांपर्यंत निवू द्यायचं. हे निवणं फार महत्त्वाचं, कारण मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं. दरम्यान फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून बाहेर टाकणाऱ्या कपाटात) २०० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ८.८ ग्रॅम पेलेट्स विरघळवले. भांडं हाताला गरम लागतं, वाफ येते. नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना गॉगल, पूर्ण बाह्यांचा सुती एप्रन. मिथेनॉल कातडीतूनही शरीरात जातं, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. म्हणून स्वयंपाकघरात, गॅसच्या जवळ, पोरं खेळत असलेल्या अंगणात हे करू नका. आमच्याकडे तेल तापवायला विजेची शेगडी होती, आणि मिथेनॉलचं मिश्रण ओतण्याआधी तीही बंद करून बाजूला ठेवायचो.

ओतल्यावर तासभर ढवळायचं, मग सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेल्या काचेच्या भांड्यात) सोडायचं. अर्ध्या तासात खाली काळपट थर बसायला लागतो, वरचा थर सोनेरी होत जातो. गेली कितीतरी वर्षं ही अभिक्रिया मी फळ्यावर लिहीत आले, समीकरण डोळे मिटून लिहू शकते. पण वडापावच्या गाडीवरच्या तेलातून ती समोर घडताना बघून मला फार आनंद झाला. त्या शनिवारी आमचे प्रयोगशाळा सहायकही घरी जायचं विसरून फनेलपाशी उभे होते.

रात्रभर ठेवून खालचं ग्लिसरीन काढलं की धुणं. पहिल्या वेळी कोमट पाणी अगदी हळू घालायचं, हलवायचं नाही, नुसतं आरपार जाऊ द्यायचं. साबण त्यातून निघून जातो. दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला जरा घुसळलं तरी चालतं. खालचं पाणी नितळ आलं की धुणं पुरे. मग इंधन पुन्हा तापवून पाणी उडवायचं. गढूळ इंधनात पाणी आहे असं समजा. काचेच्या बाटलीमागे छापील कागद धरून अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत.

रूपांतर पूर्ण झालं का, हे बघायची सोपी चाचणी आहे : २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर इंधन घालून हलवायचं. सगळं विरघळलं तर ठीक, तळाशी तेलाचे थेंब जमले तर तेल अजून शिल्लक आहे. वडापावच्या तेलाचं इंधन पूर्ण विरघळलं. ही चाचणी साधारण २० ते २५ अंश तापमानाला करावी.

मोठ्या घाण्यासाठी फॅब्रिकेटरकडून १५ लिटरची स्टीलची टाकी करून घेतली, तळ निमुळता, खाली स्टीलचाच बॉल व्हॉल्व्ह. ३,८०० रुपये लागले. त्याने पितळी व्हॉल्व्ह बसवायची तयारी केली होती, तो स्वस्त पडला असता. पण तांबं, पितळ आणि जस्त बायोडिझेलमध्ये चालत नाहीत, इंधन लवकर खराब होतं. मार्चमध्ये दहा लिटर तेलाचा पहिला घाणा झाला आणि साधारण नऊ लिटर स्वच्छ इंधन मिळालं.

खर्च सांगते. तेल ४०० रुपये. दोन लिटर प्रयोगशाळा-दर्जाचं मिथेनॉल ७२० च्या आसपास. पोटॅशियम हायड्रॉक्साइड ७५. वीज, आयसोप्रोपिल, डिस्टिल्ड पाणी धरून आणखी १००. म्हणजे लिटरला १४० रुपयांच्या पुढे, टाकीचा खर्च वेगळाच. तेव्हा पंपावर डिझेल ९० च्या आसपास होतं. पैसे वाचवण्यासाठी कुणी यात पडू नये. औद्योगिक मिथेनॉल बरंच स्वस्त असतं, त्यावर गणित बदलतं, पण ते परवानाधारक उद्योगांचं काम.

धुण्याच्या पाण्याबद्दल कृतींमध्ये एखादी ओळ असते, तिथे मला सगळ्यात जास्त विचार करावा लागला. ते पाणी अल्कधर्मी असतं, त्यात साबण आणि थोडं मिथेनॉल असतं. आम्ही सायट्रिक आम्लाने पीएच सातवर आणून ते प्रयोगशाळेच्या सांडपाण्याच्या टाकीत सोडलं. ग्लिसरीनच्या थरात मिथेनॉल आणखी जास्त असतं. ते झाकणबंद कॅनमध्ये चिठ्ठी लावून महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्याबरोबर दिलं. ग्लिसरीन शेणखतात टाकतात असं वाचलं होतं, भाऊजींनीही विचारलं, पण मिथेनॉल काढून टाकल्याची खात्री नसताना ते शेतात न्यायला माझं मन धजावलं नाही.

१४ एप्रिलला रविवारी शेतावर गेलो. भाऊजींनी गावातल्या मेकॅनिकला बोलावून आधीच इंधनाचा रबरी पाइप बदलून घेतला होता. साधं रबर बायोडिझेलने फुगतं, मऊ पडतं. व्हायटॉनचा (बायोडिझेलला टिकणाऱ्या खास रबराचा) पाइप नाशिकला शोधावा लागला, हातभर तुकड्याला ३५० रुपये. सुरुवातीला २० टक्के बायोडिझेल, ८० टक्के डिझेल. भाऊजींनी हँडल मारलं, इंजिन रोजच्यासारखंच सुरू झालं. आवाजात मला काही फरक कळला नाही, मेकॅनिक म्हणाला ठोका जरा मऊ आहे. नळीतून निघणाऱ्या धुराला तळणीचा वास होता आणि काळेपणा कमी होता. तासाभराने भाऊजींनी नोझल काढून बघितलं, पुसलं, परत बसवलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी निम्मं-निम्मं करू, वहिनी." एरंडाच्या अनुभवानंतर त्यांनी असं म्हणावं याचं मला खूप समाधान वाटलं.

फिल्टर मात्र थोड्याच दिवसांत भरला. बायोडिझेल टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सोडवतं आणि तो सगळा फिल्टरवर येतो. सुरुवातीला एक जादा फिल्टर जवळ ठेवा. मे महिन्यात निम्म्या-निम्म्या मिश्रणावर इंजिन नीट चाललं. इंधन थोडं जास्त लागतं, कारण बायोडिझेलमध्ये वजनी उष्मांक डिझेलपेक्षा दहाएक टक्के कमी असतो. केलेलं इंधन बंद डब्यात, सावलीत ठेवून सहा महिन्यांच्या आत संपवतो. त्यापुढे ते आंबूस वास धरतं.

डिसेंबर २०२४ मध्ये निफाडच्या थंडीने आपलं खरं रूप दाखवलं. गाड्यांवरचं तेल बहुतेक पामोलिन असतं, आणि पाम तेलाचं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच गढुळायला लागतं. पहाटे पारा एक आकडी झाल्यावर कॅनमधलं इंधन पातळ तुपासारखं गोठलेलं दिसलं. उन्हात ठेवल्यावर ते पुन्हा नितळ झालं, पण तसलं इंधन पहाटे इंजिनाच्या नळीत असतं तर फिल्टर बंद पडला असता. म्हणून डिसेंबर-जानेवारीत इंजिन निव्वळ डिझेलवर ठेवलं, आणि नाशिककडच्या लोकांना माझं हेच सांगणं आहे. कोकणात ही अडचण बहुधा येणार नाही.

सूर्यफुलाच्या तेलाचं बायोडिझेल याहून बऱ्याच कमी तापमानापर्यंत पातळ राहतं. आमच्या वसतिगृहाच्या खानावळीत सूर्यफूल तेलच वापरतात. आचाऱ्यांशी बोलणं झालं आहे, पुऱ्यांच्या दिवसाचं उरलेलं तेल ते वेगळ्या डब्यात ठेवतात. पहिल्या डब्याचं टायट्रेशन केलं, आकडा १.९ आला. परवानगीपत्राची मुदत वर्षाची होती, नूतनीकरणाचा अर्ज दिला आहे. ते झालं की दिवाळीआधी त्या तेलाचा घाणा काढायचा आहे.